गारगोटीची कांडी आणि सात चक्रं

मीरा रोडला किंवा भाईंदरला राशीचे खडे विकणाऱ्या दुकानात हल्ली अंगठ्यांच्या ट्रेशेजारी आणखी एक ट्रे दिसतो. मखमलीवर दगडाच्या कांड्या आडव्या मांडलेल्या असतात. काही खडूएवढ्या, काही चांगल्या वीतभर. दुकानदार त्यांना ‘वँड’ म्हणतो. गुलाबी रोझ क्वार्ट्झची, जांभळ्या ॲमेथिस्टची, हिरव्या ॲव्हेंच्युरिनची, पांढऱ्या सेलेनाइटची, आणि सात रंगांचे सात तुकडे एकावर एक चिकटवून केलेली ‘सेव्हन चक्रा वँड’. पुष्कराज, नीलम, गोमेद घेणारा माणूस पत्रिका घेऊन येतो. कांडीचं गिऱ्हाईक वेगळं. गुडघेदुखी, उडालेली झोप, नोकरीतला ताण, मुलाचं अभ्यासात न लागणारं मन असं काहीही घेऊन ते येतं, आणि बहुधा कुणातरी क्रिस्टल हीलर ताईंनी पाठवलेलं असतं.

कांडी हातात घेऊन पाहावी. एक टोक सहा पैलूंचं, निमुळतं; दुसरं अंड्यासारखं गोल. पहिली जाणीव होते ती गारव्याची, आणि बऱ्याच जणांना ती ऊर्जेची खूण वाटते. कारण साधं आहे. स्फटिक काचेपेक्षा कितीतरी लवकर उष्णता वाहून नेतो, त्यामुळे तळहाताची ऊब तो भराभर ओढून घेतो आणि हाताला गार लागतो. दोन-तीन मिनिटं मुठीत धरला की तोच दगड कोमट होतो. ‘आता चार्ज झाला’ असं म्हणायची वेळ हीच.

उपचाराची रीत साधारण अशी. पेशंटला झोपवतात किंवा खुर्चीत बसवतात. हीलर कांडीचं टोक शरीरापासून चार बोटं अंतरावर धरून डोक्यापासून पायापर्यंत नेते. एका दिशेनं गोल फिरवलं की ऊर्जा आत जाते, उलट फिरवलं की अडकलेली बाहेर येते, असं सांगतात. गोल टोकानं तळहात, तळपाय, खांदे दाबतात. सत्र संपलं की कांडी शुद्ध करायची: मिठात पुरून, धुपावर धरून किंवा पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवून. मीठ-मोहरीनं दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं, आणि हा प्रकार आपल्याकडे इतक्या सहज रुजला त्याचं हेही एक कारण असावं.

स्फटिक म्हणजे काय हे समजून घ्यायला मीरा-भाईंदरकरांना लांब जायला नको. भाईंदरची मिठागरं लोकलच्या खिडकीतून दिसतात. पावसाळा सरला की भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात आणि उन्हावर सोडून देतात. पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार ठरल्या क्रमानं खाली बसतात: आधी चुन्याचे क्षार, मग जिप्सम, आणि पाणी चांगलंच दाट झाल्यावर मीठ. जाड्या मिठाचा एक चांगला खडा भिंगाखाली धरला तर त्याच्या कडा काटकोनात दिसतात. कुणी घडवलेल्या नसतात त्या. सोडियम आणि क्लोरीन यांचे अणू एकाआड एक, तिन्ही दिशांना, एकाच शिस्तीत रचले जातात, आणि ती रचना कोट्यवधी वेळा तशीच पुढे चालू राहिली की डोळ्यांना घन दिसतो. अणूंची ही न चुकणारी पुनरावृत्ती म्हणजे स्फटिक. काचेत ती नसते. काचेतले अणू गर्दीतल्या माणसांसारखे कसेही उभे असतात.

आणि ते मधलं जिप्सम? ट्रेमधली पांढरी, रेशमासारखी चकाकणारी सेलेनाइटची कांडी तीच. बाजारातली बहुतेक सेलेनाइट कांडी मोरोक्कोतून येते आणि खनिजशास्त्राच्या भाषेत ती जिप्समची तंतुमय जात असते. पण पदार्थ तोच, जो मिठागरात मिठाच्या आधी तळाशी बसतो. नखानंही त्यावर ओरखडा उठतो. पाण्यात ती हळूहळू विरघळते, म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ‘शुद्ध’ केलेली सेलेनाइट कांडी काही दिवसांत निस्तेज, खरबरीत होते. त्यावर ‘हिनं फार निगेटिव्हिटी ओढली’ हे उत्तर ठरलेलं.

बाकीच्या कांड्या बव्हंशी गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या. सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, एवढीच सामग्री. वाळूत तीच, अकीकात म्हणजे ॲगेटमध्ये तीच, ॲमेथिस्टमध्येही तीच. ॲमेथिस्टचा जांभळा रंग येतो तो लोहाच्या अगदी किरकोळ अंशावर भोवतीच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन. तोच दगड भट्टीत तापवला की बहुधा पिवळा होतो आणि ‘सिट्रीन’ म्हणून विकला जातो. जांभळा मनःशांतीला आणि पिवळा धनलाभाला, असं हीलर सांगतात. भट्टीच्या काही तासांत मनःशांतीचं धनलाभात रूपांतर होतं, हे खरं तर त्यांनी जाहिरातीत घालायला हवं!

आपल्या भागात या दगडांची खाण नाही असं मात्र कुणी समजू नये. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं. पोकळीच्या आतल्या भिंतींवर अकीक, क्वार्ट्झ आणि झिओलाइट कुळातली खनिजं वाढली. जगभरच्या संग्राहकांना कांदिवली आणि मालाडचं कुरार ही नावं लोकलची ठिकाणं म्हणून माहीत नाहीत, खाणींची नावं म्हणून माहीत आहेत. कांदिवलीच्या खाणीत प्रेहनाइट नावाच्या फिकट हिरव्या खनिजाची ‘बोटं’ मिळाली. लोमोंटाइटच्या लांबट स्फटिकांवर प्रेहनाइटचं कवच चढलं, आतलं लोमोंटाइट पुढे भुगा होऊन गेलं, आणि हिरवी पोकळ बोटं उरली. निसर्गानं स्वतः घडवलेली कांडी म्हणायची तर तीच. कुरारला ओकेनाइट मिळायचं; पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखं, बोट लावलं तर तंतू मोडतात असं. भोर घाटात रेल्वेचे बोगदे खणताना १८५०-६० च्या काळात निघालेले ॲपोफिलाइटचे नमुने युरोपातल्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंभोर कॅव्हनसाइट, जळगाव आणि नाशिककडचं स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट आजही जगाच्या बाजारात जातं. त्यातलं बरंच हीलिंगचं सामान म्हणून विकलं जातं. हे सगळं एका छपराखाली पाहायचं तर सिन्नरला २००१ मध्ये सुरू झालेलं गारगोटी संग्रहालय आहे. तिथल्या काचेच्या कपाटांसमोर उभं राहिलं की वाटतं, या दगडांना चमत्काराची जोड द्यायची गरजच नाही.

पुन्हा कांडीकडे. तिचं सहा पैलूंचं टोक पाहून ‘नैसर्गिक पॉइंट आहे’ असं सांगितलं जातं. तपासायला सोपं आहे. निकोलस स्टेनोनं १६६९ मध्ये दाखवून दिलं की स्फटिक लहान असो, मोठा असो, वेडावाकडा वाढलेला असो, त्याच्या ठरावीक पृष्ठांमधला कोन बदलत नाही. क्वार्ट्झच्या उभ्या बाजूंमधला कोन १२० अंश. शिवाय नैसर्गिक बाजूंवर आडव्या बारीक रेघा असतात. नख फिरवलं तरी कळतात. कांडीच्या बाजू आरशासारख्या गुळगुळीत असतील, टोक बरोबर मध्यावर आलं असेल आणि सहाही पैलू सारख्या मापाचे असतील, तर ते चाकाचं काम आहे. रोझ क्वार्ट्झच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही, कारण तो दगड निसर्गात बहुतेक वेळा अनघड डल्ल्यांतच मिळतो. पैलूदार गुलाबी स्फटिक दुर्मीळ. म्हणजे दुकानातली गुलाबी सहा-पैलू कांडी जवळजवळ खात्रीनं घासून केलेली. यात फसवणूक आहे असं नाही. पण ‘टोकातून ऊर्जा बाहेर पडते’ म्हणायचं, तर ते टोक कारागिरानं काढलंय हे लक्षात असावं.

मग ही कांडीची कल्पना आली कुठून? आपल्या शास्त्रांतून, असं हीलिंगच्या वर्गात सांगतात. रत्नांचा विचार आपल्याकडे जुना आहे यात शंका नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षा आहे, आयुर्वेदात प्रवाळ-मौक्तिकाच्या पिष्टी आणि भस्मं आहेत, ज्योतिषात नवग्रहांची नवरत्नं आहेत, स्फटिकाचं शिवलिंग आणि जपाची माळ आहे. या सगळ्यात रत्न अंगावर घालायचं, पुजायचं किंवा पोटात घ्यायचं. टोकदार कांडी पेशंटवरून फिरवायची रीत त्यांत नाही. ती घराघरांत पोचली १९८० च्या दशकात, अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातून.

तिथे मार्सेल वोगेल नावाचा माणूस होता. १९१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आयबीएममध्ये २७ वर्षं संशोधन केलेला. संगणकाच्या डिस्कवरच्या चुंबकीय लेपासह त्याच्या नावावर बरीच पेटंटं आहेत. प्रकाशमान होणाऱ्या पदार्थांवर प्रिंग्सहाइम या शास्त्रज्ञाबरोबर त्यानं १९४३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. थोडक्यात, भोंदू नव्हे. पुढे त्याला वनस्पतींना भावना असतात का या विषयानं झपाटलं आणि तिथून तो स्फटिकांकडे वळला. १९८४ मध्ये आयबीएममधून निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःची प्रयोगशाळा काढली. क्वार्ट्झला दोन्ही टोकांना विशिष्ट कोनांत पैलू पाडून त्यानं ‘वोगेल क्रिस्टल’ घडवला. एका टोकाचा कोन सुमारे ५१ अंश, इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या उतारासारखा. आपल्याकडे छताखाली पिरॅमिड टांगण्याची साथ आली होती, तिचीच ही चुलत बहीण. हा कोन माणसाच्या मनातली ऊर्जा एकवटतो, असं वोगेलचं म्हणणं. १९९१ मध्ये तो गेला. त्याचे दावे इतर प्रयोगशाळांत कुणाला सिद्ध करून दाखवता आले नाहीत. पैलूंची पद्धत मात्र चालू राहिली, आणि आज ‘वोगेल कट’च्या कांड्या आपल्या बाजारातही मिळतात. त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, कॅट्रिना राफेलचं ‘क्रिस्टल एन्लाइटनमेंट’ आलं. कुठला दगड कशावर, याच्या याद्या अशा पुस्तकांतून जगभर गेल्या.

आपल्याकडेही एक धागा होता. बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले संस्कृत पंडित बिनयतोष भट्टाचार्य यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर रत्नचिकित्सेवर पुस्तक लिहिलं. रत्नं मद्यार्कात ठेवून तो होमिओपॅथीच्या साखरगोळ्यांवर घालायची त्यांची पद्धत होती. पण तिथेही कांडी नाही.

वोगेलसारख्यांचा हुकमी एक्का म्हणजे पिझोविद्युत. ‘क्वार्ट्झ दाबला की वीज तयार होते, हे विज्ञानानं मान्य केलंय’, हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं. ते खरंही आहे. पिअर आणि जॅक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुण शोधला. मनगटी घड्याळात क्वार्ट्झचा इवलासा तुकडा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. सेइकोनं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात बाजारात आणलं. गॅस पेटवायच्या लायटरमध्येही चाप दाबल्यावर ठिणगी पडते ती याच गुणामुळे, फक्त तिथे क्वार्ट्झऐवजी खास बनवलेलं सिरॅमिक असतं. पण घड्याळातला तुकडा थरथरतो तो बॅटरीच्या विजेवर. बॅटरी संपली की क्वार्ट्झ मुकाट बसतो. स्वतःची ऊर्जा त्याच्याकडे नाही. कांडी तर बहुतेक वेळ कुणी धड दाबतही नाही, हवेत फिरवतात. आणि दाबली, तरी तयार होणारा भार क्षणात विरून जातो. त्याहून जास्त वीज हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना तयार होते. शिवाय क्वार्ट्झमध्ये हा गुण ठरावीक दिशेनंच असतो. अकीकात असंख्य सूक्ष्म स्फटिक गुंतलेले असतात, त्यांचे भार बरेचसे एकमेकांना खोडून काढतात. सेलेनाइटची तर अणुरचनाच अशी, की त्यात पिझोविद्युत होऊच शकत नाही. दुकानातल्या ट्रेमधल्या बऱ्याच कांड्यांना हा युक्तिवाद लागूच पडत नाही.

दुसरा आधार चक्रांचा. मूलाधार लाल, स्वाधिष्ठान नारिंगी, मणिपूर पिवळं, अनाहत हिरवं, विशुद्ध निळं, आज्ञा गडद निळं, सहस्रार जांभळं. इंद्रधनुष्याचा क्रम, आणि त्याच क्रमानं सात दगड. सात तुकड्यांची कांडी या तक्त्यावरच उभी आहे. चक्रांवरचा सगळ्यात प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ म्हणजे पूर्णानंदांचं ‘षट्चक्रनिरूपण’, १५७७ सालचं. जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर ॲव्हलॉन या नावानं १९१९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि पाश्चात्त्य जगाला चक्रं कळली ती मुख्यतः त्यातून. तिथे मणिपूराच्या पाकळ्या पावसाळी ढगाच्या रंगाच्या आहेत, अनाहताच्या शेंदरी-लाल, विशुद्धाच्या धुरकट जांभळ्या, आणि आज्ञा चंद्रासारखं शुभ्र. इंद्रधनुष्याचा मागमूस नाही. तो क्रम विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य लेखकांनी बसवला. ख्रिस्तोफर हिल्स यांच्या १९७० च्या दशकातल्या पुस्तकानं तो पक्का केला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं जे वर्णन येतं, त्यातही सात रंगांचे दगड कुठे ठेवायचे ते आलेलं नाही. ‘आपल्या ऋषींचं ज्ञान’ म्हणून आपण मीरा रोडला जे विकत घेतो, ते कॅलिफोर्नियाला जाऊन, कपडे बदलून परत आलेलं आहे.

एवढं सगळं म्हटल्यावरही एक गोष्ट उरतेच: अनेकांना बरं वाटतं. ते खोटं बोलत नसतात. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ क्रिस्तोफर फ्रेंच यांनी याच प्रश्नावर केलेला प्रयोग २००१ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्र परिषदेत मांडला. ८० जणांच्या हातात स्फटिक देऊन त्यांना पाच मिनिटं ध्यान करायला सांगितलं. काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ होता, काहींच्या हातात हुबेहूब दिसणारी काच. आपल्याकडे काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मुंग्या, उष्णता, हलकं वाटणं हे अनुभव दोन्ही गटांत सारखेच आले. ज्यांना आधीच ‘असं-असं वाटू शकतं’ म्हणून सांगितलं होतं, त्यांना ते जास्त आले. फरक दगडानं पडला नाही, सांगण्यानं पडला.

सांगण्याचा हा परिणाम क्षुल्लक नाही. हार्वर्डचे टेड कॅप्चुक यांनी २०१० मध्ये पोटाच्या विकाराच्या ८० रुग्णांपैकी काहींना ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, तरीही काहीही न दिलेल्यांपेक्षा त्यांना जास्त आराम वाटला. वेदना, झोप, चिंता, मळमळ या बाबतीत मन आणि शरीर एकमेकांचं ऐकतात. रक्तातली साखर, गाठ, जंतू मात्र कुणाचं ऐकत नाहीत.

आणि कांडीच्या गोल टोकानं तळपाय दाबला की आराम पडतो, त्याला तर कुठल्याच गूढाची गरज नाही. आपल्या आज्या तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाची वाटी फिरवायच्या. पाय शांत व्हायचे, झोप लागायची. वाटीखाली तळपाय काळा पडायचा आणि ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणायचे. काळं पडतं ते काशातल्या तांब्याचा तेलातल्या आम्लांशी आणि घामाशी संबंध आल्यानं. पण चोळण्यानं स्नायू सैल होतात, अर्धा तास कुणीतरी आपल्या पायाशी बसतं, घर शांत असतं, हे सगळं खरं. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये सकाळी सातची विरार लोकल पकडणाऱ्या बाईला असा अर्धा तास फुकट मिळत नाही. हीलरकडे तिला तो पैसे देऊन मिळतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

गडबड होते ती पुढे. क्रिस्टल पाण्यात रात्रभर ठेवून ते पाणी प्यायची टूम आहे. क्वार्ट्झच्या बाबतीत ती निरुपद्रवी. पण मॅलाकाइट तांब्याचं कार्बोनेट आहे, गॅलेना शिशाचं सल्फाइड, सिनाबार पाऱ्याचं; यांचं पाणी कुणीही पिऊ नये. हीलरनं ‘गोळ्या कमी करा’ म्हटलं तर तिथूनच उठावं. कायदाही याबाबत गप्प नाही. औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे. ताईत, मंत्र, कवच किंवा चमत्कारी गुण असल्याचा दावा केलेली अशी कुठलीही वस्तू रोग बरा करते अशी जाहिरात त्यानं बंद केली. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार असे ५४ विकार त्याच्या अनुसूचीत आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं टीव्हीवर यंत्रं विकणाऱ्या जाहिराती त्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. ‘ही कांडी मन शांत करते’ एवढं म्हणणारा दुकानदार यात सापडणार नाही. ‘शुगर नॉर्मल होते’ अशी पाटी लावणारा, माझ्या मते, सापडायला हवा.

आता कांडी येते कुठून ते. काशीमीऱ्याहून अहमदाबाद हायवेला लागलं की वसई, डहाणू, वापी, सुरत मागे टाकत गाडी भरूचला पोचते. तिथून जवळ राजपीपळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी रतनपूर आहे. दख्खनच्या लाव्हातून सुटून, पाण्यानं वाहून आणलेल्या अकीकाच्या गोट्यांचे थर तिथे जमिनीखाली आहेत. टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक त्याला आपला पूर्वज मानतात आणि अकीकाच्या धंद्याची भरभराट त्याच्या नावावर सांगतात. गोटे जातात खंभातला. त्याच प्रदेशात लोथलला हडप्पाकाळातला मणी घडवायचा कारखाना सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांतून भरूचच्या बंदरात अकीकासारखे पट्टेदार दगड येत असल्याची नोंद आहे. आपल्या गोदाकाठचा दगड दोन हजार वर्षांपूर्वी रोमला जात होता तो या वाटेनं.

खंभातची जुनी रीत पुरातत्त्वज्ञ मार्क केनोयर, कुलदीप भान आदींनी बारकाईनं नोंदवली आहे. गोटे उन्हात वाळवतात, मातीच्या भांड्यात भरून शेणीच्या आचेवर भाजतात. पिवळट दगडातलं लोह रूप बदलतं आणि दगड लाल होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी कांबीवर दगड टेकवतो आणि शिंगाच्या डोक्याचा हातोडा वरून अलगद मारतो. कपची उडते ती हातोड्याच्या बाजूला नाही, कांबीच्या बाजूला. आकार आला की दगड फिरत्या चाकावर घासायचा. मणी, अंगठीचे खडे, पिरॅमिड, हृदयं, अंडी आणि हीलिंगच्या कांड्या, जगाला लागेल ते इथे घडतं. घाऊक माल बऱ्याचदा वजनावर जातो.

कांडीला बाकी वस्तूंपेक्षा घासकाम जास्त. सहा बाजू, टोकाचे सहा पैलू, दुसरीकडे गोलाई. चाक विजेवर फिरतं, दगड चाकाला लागतो आणि पांढरी पूड उडते. ती पूड म्हणजे ताजा फुटलेला सिलिका, फुप्फुसाला सगळ्यात घातक असा. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथल्या रक्षक पेशी ते गिळतात आणि स्वतः मरतात, कण मोकळे होतात, नव्या पेशी ते पुन्हा गिळतात, आणि प्रत्येक फेरीत तिथे थोडा व्रण धरतो. लवचीक फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरा करणारा उपचार नाही, आणि त्यातून क्षयाचा धोका बराच वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं खंभातच्या अकीक कारागिरांत हा आजार नोंदवलेला आहे.

उपाय ठाऊक आहेत. चाकावर पाण्याची धार सोडली की धूळ बरीच बसते. चाकाला लागून ओढपंखा लावला तर आणखी कमी होते. दोन्हींना खर्च येतो, आणि वजनावर विकल्या जाणाऱ्या मालात तो घालायला कुणी सहज तयार होत नाही. कारखाने अधिनियम १९४८ नं सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही तो होता. पण घासकाम बहुतेक घरच्या पडवीत, शेडमध्ये, तुकड्यांच्या हिशेबानं चालतं. पडवीला कायदा कारखाना म्हणत नाही. माल देणारा व्यापारी स्वतःला मालक म्हणवत नाही, आणि खोकणाऱ्या माणसाकडे आपण त्याच्याकडे काम करत होतो हे दाखवणारा एकही कागद नसतो.